आखूड ताणा

कीमोच्या वॉर्डात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "काही होत नाही." नातेवाईक म्हणतात, वॉर्डबॉय म्हणतो, फोनवरून पुण्याचा भाचा म्हणतो. साधं इंजेक्शन घेताना ज्याला घाम फुटतो तोही म्हणतो. हे वाक्य कधीही न म्हणणारं एकच माणूस मला तिथं भेटलं, ते म्हणजे वडगावच्या आक्का. त्या म्हणायच्या, "होतंय. लई होतंय. काय काय होतंय ते सांगतो, नीट ऐकून घ्या." आमच्या बेळगाव-निपाणीकडच्या बायका 'मी सांगतो, मी जातो' असंच बोलतात, आक्काही तसंच बोलायच्या.

मी निपाणीचा. तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिण्यात माझी हयात गेली. पण कधी चिमूट तोंडात टाकली नाही की विडीला हात लावला नाही. तरी माझ्या मानेत आणि काखेत गाठी आल्या, आणि जन्मभर मिश्री लावणारे माझे शेजारीपाजारी मला बघायला येऊन हळहळून गेले. वरचा हिशेब कोण लिहितो मला माहीत नाही, पण तो कारकून माझ्या हाताखाली असता तर मी त्याला पहिल्याच दिवशी घरी बसवलं असतं. अशा चिडलेल्या मनाने मी बेळगावच्या एका इस्पितळात पहिल्या डोससाठी जाऊन बसलो. माझी बायको सुमन शेजारी स्टुलावर बसून पिशवी उराशी धरून होती.

लांबलचक खोली, मागे रेलता येतील अशा खुर्च्यांची रांग, प्रत्येक खुर्चीशेजारी सलाईनचा खांब. माझ्या शेजारच्या खुर्चीत इरकल नेसलेली एक वाळकीशी बाई मांडी घालून बसली होती. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, हाताला नळी, आणि नजर सरळ माझ्यावर. सिस्टर लाल औषधाची भली मोठी सिरिंज घेऊन आली तशी त्या बाईंनी विचारलं, "अण्णा, पहिलाच डोस न्हवं?"

मी मान हलवली. "काय सांगितलंय सगळ्यांनी?" त्यांनी पुढे विचारलं.

"काही होत नाही म्हणालेत," मी म्हटलं.

"असं म्हणालेत व्हय," त्या म्हणाल्या आणि थोडं पुढे झुकल्या. "हे लाल औषध हाय न्हवं, घरी गेलासा की लघवी लाल हुईल. रक्त न्हवं ते, औषधाचा रंग हाय. मागं एक बाबा रक्तच म्हणून बायकोच्या गळ्यात पडून रडला. आज तुमास्नी काय वाटणार न्हाय. संध्याकाळी वाटंल, एवढंच हुतं व्हय. मग कुणाला तरी फोन करून फुशारकी मारशीला. मारू नका. दोन दिस गेलं की कळतंय."

मग मळमळीपासून हाडांच्या दुखण्यापर्यंत सगळं त्यांनी एकेक करून सांगितलं. तरी मी संध्याकाळी मेव्हण्याला फोन केलाच. "अहो, उगाच बाऊ करतात लोक," असंही म्हटलं. तिसऱ्या दिवशी मी न्हाणीच्या दारात बसून होतो आणि उठायची ताकद नव्हती. उलटी होत नव्हती, पण होईल होईल असं सारखं वाटत होतं, आणि ते वाटणंच उलटीपेक्षा वाईट होतं. हाडं आतून कुणीतरी पिळत होतं. गोळ्यांनी झोप उडाली, पोट बांधलं गेलं, तोंडात फोड आले आणि घोटभर पाणीही टोचायला लागलं. सुमन घाबरून सगळ्या देवांना हाका मारत होती. पण मला सारखं एकच वाटत होतं, हे सगळं त्या बाईने सांगितलं होतं, म्हणजे हे असंच असतं. त्या सांगण्याचा मला जो आधार वाटला तसा आधार देवाचाही वाटला नाही, हे खरं तेच लिहितो.

दुसऱ्या डोसला मी आधी आक्कांची खुर्ची शोधली. तेव्हा कळलं की त्यांना सगळा वॉर्ड आक्काच म्हणतो. डॉक्टरीणबाईही आक्का म्हणायच्या. फक्त गोकाककडची एक सिस्टर त्यांना अज्जी म्हणायची. "अज्जी, कै कोडी," म्हणत ती हात पुढे करायला सांगायची आणि आक्का हात पुढे करून तिलाच विचारायच्या, "जेवलीस का गं?" बेळगावातल्याच वडगावात त्यांचं विणकराचं घर. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा मल्लाप्पा मागच्या शेडमध्ये पॉवरलूम चालवायचा, आणि पुढच्या खोलीत आक्कांचा एकुलता एक हातमाग. मागाखाली खड्डा, खड्ड्यात पाय सोडून त्या जन्मभर पातळं विणत आलेल्या. त्यांचं दुखणं पोटात सुरू झालं, ऑपरेशन झालं, बरं झालं म्हणून पेढे वाटले, आणि मग ते परत आलं. पेढ्यांचं त्या स्वतःच सांगायच्या. "आमी वाटलं त्येवढं पेढं लोकांनी परत आणून द्यायला पायजे हुतं," म्हणायच्या.

नव्या माणसाला त्यांचा पहिला सल्ला जेवणाचा असायचा. "डोसच्या दिशी आवडीचं काय खाऊ नका. जे खाशीला त्यो जन्माचा वैरी हुतोय." हे त्या स्वानुभवाने सांगत. पहिल्या डोसच्या दिवशी मल्लाप्पाने आईचं तोंड गोड व्हावं म्हणून पाव किलो कुंदा आणला होता, आणि आक्कांनी तो प्रेमाने खाल्ला होता. तेव्हापासून कुंद्याच्या वासानेच त्यांच्या पोटात ढवळायचं. बेळगावात राहून ज्याला कुंदा चालत नाही त्याने जायचं कुठे, अशी त्यांची तक्रार होती. बाजारातून जाताना त्या नाकाला पदर लावून हलवायांची दुकानं ओलांडायच्या. मी हे हसण्यावारी नेलं नाही हे बरं. सुमन माझ्यासाठी खास तांबडा रस्सा करायच्या बेतात होती, तो मी थांबवला आणि दहीभातावर भागवलं. रस्सा मला आजही गोड लागतो.

तोंडाच्या चवीचं त्या फार नेमकं सांगायच्या. "जर दातात धरल्यागत लागतंय बघा." विणकर दाताने धागा तोडतात, जरीची तारही कधी दाताखाली येते, ती चव. स्टीलचा चमचा सोडून लाकडाचा वापरा, दूध गार करून प्या, तोंड मिठाच्या पाण्याने सारखं खुळखुळा, तिखटाला तिखट म्हणून नावच घेऊ नका. असं सांगता सांगता त्या खडीसाखरेचा खडा काढून आपल्या आणि शेजाऱ्याच्या तोंडात टाकायच्या.

केसांच्या बाबतीत मात्र त्या थोड्या कडक होत्या. खानापूरकडची एक तरुण सून पहिल्या डोसला आली होती. कमरेपर्यंत वेणी. सासू बरोबर, आणि सासूने सगळ्यांना आधीच बजावलेलं, तिला काही सांगू नका. आक्का सरळ म्हणाल्या, "पोरी, पुढच्या डोसाच्या आत हे जाणार. उशीवर, भाकरीत, न्हाणीच्या मोरीत सगळीकडं केसच केस दिसतील. त्याच्या आधी आपल्या हातानं बारीक कापून घे." सासू उसळली. नवरा जिता असलेल्या बाईने केस उतरवायचे नसतात, हे सांगायला लागली. आक्कांनी डोक्यावरचा पदर खाली ओढला. त्यांच्या डोक्यावर एक केस नव्हता. "माझा मालक गेला तवा केसाला कुणी हात लावला न्हाय, मी लावू दिला न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्या औषधानं न इचारता काढलं. त्यात नवऱ्याचा काय संबंध न्हाय, मावशी." सून रडली, पण पुढच्या वेळी बारीक केस कापून आली. सासूने तिच्यासाठी सुती रुमाल शिवून आणला होता. टोपी डोक्याला चावते हे तिला आक्कांनीच सांगितलं होतं.

पण आक्कांनी सगळ्यात जास्त वेळा सांगितलेली गोष्ट तापाची. "ताप आला तर त्यो पाहुणा न्हवं, चोर हाय," त्या म्हणायच्या. "ह्या औषधानं अंगातलं राखणदार मरत्यात. मग साधा ताप बी माणूस उचलून न्हेतोय. शंभराच्या वर काटा गेला की निघायचं. गोळी खाऊ नका, गोळीनं ताप दडतोय, चोर आतच ऱ्हातोय. अमावस्या, मंगळवार, काय बघू नका." हे त्या मला नाही, सुमनला सांगायच्या. दोघांत ऐकणारं माणूस कोण हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

तिसऱ्या डोसनंतर मला थंडी वाजून ताप आला, आणि त्या दिवशी अमावस्याच होती. माझ्या थोरल्या भावाने घरात येऊन पंचांग पाहिलं आणि सांगितलं, आज प्रवास नको, काढा घे, सकाळी निघू. आमच्या घरात अमावस्येला उंबरा ओलांडून गावाला जायचं नाही हा नियम आजोबांपासूनचा. सुमन तो नियम माझ्यापेक्षा कडक पाळणारी. तीच उठली, शेजाऱ्यांची गाडी बोलावली आणि भावाला म्हणाली, "आक्का म्हणाल्यात अमावस्या बघू नका." भावाने विचारलं, "कोण आक्का?" तोवर सुमनने मला हाताला धरून उठवलं होतं. संकेश्वर मागे पडेपर्यंत मला शुद्ध होती, पुढचं आठवत नाही. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या की सकाळची वाट पाहिली असती तर मी निपाणीहून निघालोच नसतो. मी जिवंत आहे तो औषधाने आहे हे खरं, पण त्या औषधापर्यंत मला पोचवलं आक्कांनी. हे ऋण होतं आणि ते माझ्या मनावर होतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी मल्लाप्पा मला कॅन्टीनमध्ये घेऊन गेला. भला माणूस, आईवर जीव. चहा माझ्यासमोर सरकवला. मग म्हणाला, "काका, आईचं आता यकृतात गेलंय. डॉक्टर म्हणतात, औषध फक्त थोपवायला. मी त्यांना सांगून ठेवलंय, आईपुढं काय बोलायचं न्हाय. तुमी बी बोलू नका. तुमचं ती ऐकतीया. खचली तर संपलंच." मी मान हलवली. दुसरं काय करणार? आमच्याकडे रीतच ती. घरातल्या सगळ्यांना माहीत असतं, शेजाऱ्यांना माहीत असतं, रिक्षावाल्याला सुद्धा माहीत असतं. ज्याचं दुखणं त्याला तेवढं सांगायचं नाही. सगळ्यांना पुढचं सांगणाऱ्या बाईला तिचं स्वतःचं पुढचं कुणी सांगायचं नाही, असं आमचं ठरलं.

आक्कांना मात्र कसं कळत नसणार? वॉर्डात प्रत्येकाच्या तोंडी एकच भाषा असते, इतके झाले, इतके उरले. आक्कांना विचारलं की त्या म्हणायच्या, "डॉक्टर बघू म्हणत्यात." औषध बदललं, आठवड्याच्या आठवड्याला यायला लागलं, तरी बघूच. आणि त्या नव्या औषधाने त्यांची बोटं बधिर झाली.

पाचव्या डोसला मी बसलो असताना त्यांनी कमरेच्या पिशवीतून रेशमाचा धागा काढला आणि माझ्या बोटात दिला. "डोळं मिटा अण्णा. एक हाय का दोन?"

मी बोटांनी चाचपलं. "दोन आहेत."

"तुमी तंबाखूवालं, तरी तुमास्नी कळलं," त्या म्हणाल्या. "मी विणकराची, मला कळंना झालंय. हातात धोटा हाय का न्हाय ते बी बघून ठरवायला लागतंय." धोटा म्हणजे ताण्यातून आडवा धागा नेणारं लाकडी साधन. त्यांची नखं काळी पडली होती. पायांनाही मुंग्या, मागाच्या पावड्या दाबताना पाय कुठे पडतो ते कळत नाही, असं त्या म्हणाल्या. मग धागा बोटाला गुंडाळत हळू आवाजात बोलायला लागल्या. सुमन बाहेर औषधं आणायला गेली होती.

"मागावरचा ताणा संपत आलाय. आता नवा चढवायचा का न्हाय, ते ठरवायचं हाय."

ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे. एकदा चढवला की त्यावर एकामागून एक पातळं निघत राहतात, त्यात महिने जातात. हे मला त्यांनीच पूर्वी सांगितलं होतं.

"मालक गेलं तवा त्यांच्या मागावरचा ताणा निम्मा हुता," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात गेलेल्याच्या ताण्यावर दुसरं कोण बसत न्हाय. हात बदलला की ठोका बदलतोय, पातळात रेघ उठतीया. वरीसभर त्यो ताणा तसाच मागावर. दिवाबत्तीला गेलं की रोज दिसायचा. शेवटाला मीच कात्री घिऊन कापला. सुनंला ते करायला लावायचं न्हाय मला." त्यांनी बोटावरचा धागा सोडवला. "मल्लू तुमच्यासंगट कॅन्टीनात बसलता. त्यानं तुमास्नी सांगितलंय. मला सांगा, ताणा चढवू का न्हाय?"

माझ्या तोंडात तेच वाक्य आलं होतं. काही होत नाही, आक्का. अगदी ओठावर आलं होतं. मल्लाप्पाला दिलेला शब्दही होता. पण समोर बसलेल्या बाईने मला लघवीच्या रंगापासून तापाच्या काट्यापर्यंत सगळं खरं सांगितलं होतं, आणि तिला मी खोटं कुठल्या तोंडाने सांगायचं? मी खाली बघत म्हटलं, "आक्का, लांब ताणा नको."

सलाईन टपकत होतं. मला वाटलं त्या रडतील, पण रडायला मीच लागलो. त्यांनी खडीसाखरेचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला.

"आखूड चढवतो," त्या म्हणाल्या. "एका पातळापुरता." मग थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, "हितनं पुढं काय काय होतंय ते मला म्हाईत न्हाय बघा. कोण परत यिऊन सांगितलं बी न्हाय."

त्यांनी सिस्टरकडून डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं. मुलाला बोलावू का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तर म्हणाल्या, "त्याला मागनं. आधी मला." पडदा ओढला गेला. आतून आक्कांचा आवाज मधूनमधून ऐकू येत होता, आणि तो एखाद्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसा होता. बोटं बधिर करणारं औषध बंद केलं तर हात परत येतील का, एवढंच त्यांना हवं होतं. येतील असं नक्की सांगता येत नाही, आले तरी सावकाश येतील, आणि औषध बंद केलं तर दुखणं वेगाने पुढे सरकेल, असं त्यांना सांगण्यात आलं. आक्कांनी औषध बंद करायला सांगितलं.

मल्लाप्पाने मला इस्पितळाच्या फाटकाशी गाठलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "काका, तुमाला काय अधिकार हुता?" तो म्हणाला. "आई आशेवर हुती. आणिक सहा म्हयने आशेवर काढली असती. ते तुमी काढून घेतलासा." आक्का आशेवर नव्हत्या हे मला माहीत होतं, पण मुलाला आईची आशा दिसत होती, आणि ती खरंच नव्हतीच असं छातीठोकपणे मी तरी कसं सांगू? बस निपाणीला पोचेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो.

माझे डोस संपले, गाठी विरल्या, आणि एका दुपारी मी आणि सुमन वडगावला गेलो. बोळात दोन्ही बाजूंनी पॉवरलूमचा खडखडाट, बोललेलं ऐकू येऊ नये असा. आक्कांच्या दाराशी पोचल्यावरच त्यातून वेगळा, सावकाश असा ठोका ऐकू आला. ठक्, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा ठक्. आक्का खड्ड्यात पाय सोडून बसल्या होत्या. पाय सुजलेले, पोट पाण्याने फुगलेलं, चेहरा पिवळा. नव्या ताण्याचे धागे जुन्या टोकांना एकेक करून पिळून जोडायचे असतात, ते आक्कांना आता जमत नव्हतं. ते सुनेने जोडले होते. आक्का जवळ बसून नुसत्या डोळ्यांनी बघत होत्या आणि चुकलेला धागा सांगत होत्या. विणतानाही त्यांची नजर हातावरून हलत नव्हती. धोटा एकदा खाली पडला, तो उचलायला सून धावली, तर तिला हाताने थांबवून त्यांनी स्वतः वाकून उचलला. वाकताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला ऐकायचा नव्हता.

"केस आलं की," मला बघून म्हणाल्या. "पिसं झडलेल्या कोंबड्याला नवी पिसं फुटल्यागत दिसताय."

पातळ मोरपंखी होतं, काठ लाल. सुमनने विचारलं, "कुणासाठी विणताय, आक्का?" मला वाटलं, सुनेसाठी म्हणतील, नातीच्या लग्नासाठी म्हणतील. आक्का म्हणाल्या, "कुणासाठी बी न्हाय गं. माग मोकळा करायचाय." मल्लाप्पा आतून आला, मला बघून थबकला, आणि शेडमध्ये निघून गेला. निघताना मी आक्कांच्या पाया पडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मऊ लागत असतील न्हवं? मला कळंना." तेवढं बोलून त्या पुन्हा विणायला लागल्या.

त्या गेल्याचं सुनेने फोन करून सांगितलं. दिवसकार्याला मी एकटाच गेलो. मल्लाप्पा बोलेल अशी अपेक्षा नव्हती. मी पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसलो. माग रिकामा होता. वरच्या दांड्या पुसलेल्या, खड्डा झाडलेला, एक धागा कुठे लोंबत नव्हता. लोक पांगल्यावर मल्लाप्पा येऊन माझ्या शेजारी बसला. पलीकडच्या घरातले पॉवरलूम त्या दिवशी बंद ठेवले होते, त्यामुळे त्याचा हलका आवाजही ऐकू येत होता.

"पातळ झालं," तो म्हणाला. "तिनंच कापून उतरवलं. मग चार-सहा दिस नुसती पडून हुती. हाताला काम न्हाय असं तिला मी कवा बघितलंच नव्हतं. दुखायचं लई. एकदा माझा हात धरला आणि इचारली, 'मल्लू, आता पुढं काय होतंय रं?'"

त्याने मागाकडे बघितलं.

"मला काय म्हाईत असणार काका? मी म्हटलं, आई, काय होत न्हाय." त्याने बाहीने तोंड पुसलं. "ती हसली. म्हणाली, 'होतंय रं. पर तू म्हण. तू म्हटलास की बरं वाटतंय.' मग मी म्हणतच बसलो. शेवटाला तिला ऐकू येत हुतं का न्हाय, देवाला म्हाईत. मी म्हणत हुतो."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आम्ही दोघं त्या रिकाम्या मागासमोर बराच वेळ बसून राहिलो. मग त्याने मला बस स्टँडपर्यंत गाडीवरून सोडलं.

तपासणीसाठी मला अजून बेळगावला जावं लागतं. गेलो की मी थोडा वेळ खाली त्या लांब खोलीत जाऊन बसतो, सिस्टर आता ओळखीच्या झाल्यात. परवा एका खुर्चीत सदलग्याचा एक गृहस्थ पहिल्या डोसला बसला होता, चेहरा पांढराफटक. त्याचा मुलगा त्याचा हात धरून सारखं म्हणत होता, "काय होत न्हाय आप्पा, काय होत न्हाय." पूर्वी मी त्या पोराला गप्प बसवलं असतं. आता बसवत नाही. मी त्याचं म्हणून होईपर्यंत थांबलो, मग स्टूल ओढून आप्पांच्या जवळ बसलो आणि म्हटलं, "होतंय, लई होतंय. काय काय होतंय ते सांगतो. पहिलं म्हणजे, आज कुंदा खाऊ नका."